यादीत नसलेली माणसे

आज १० डिसेंबर, मानवी हक्क दिन. १९४८ साली याच तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. भवानीनगरला या दिवसात जाहीरनाम्याची आठवण कुणाला होण्याचे कारण नाही. हंगाम भरात आहे, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या आहेत आणि पारावर बोलणे चालते ते उताऱ्याचे, पहिल्या हप्त्याचे आणि आपल्या फडाला तोड कधी मिळणार याचे. तरीही तो जाहीरनामा वाचायला याहून योग्य जागा आम्हाला दिसत नाही.

लोकशाही आणि विकास यांचे नाते शोधणाऱ्या अभ्यासकांचे साखरपट्ट्याकडे फार पूर्वीपासून लक्ष आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ तर नुसता अभ्यास करून थांबला नाही, प्रवरेच्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. बा. श. बाविस्कर यांनी कोपरगावचा कारखाना आतून पाहिला. त्यांचा ग्रंथ १९८० साली आला. मॅकगिल विद्यापीठाचे डोनाल्ड ॲटवुड मॉन्ट्रियलहून आले ते थेट आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या टापूत. ‘रेझिंग केन’ हे त्यांचे पुस्तक १९९२ चे. जगभर गरीब देशांत सहकारी संस्था सरकारी पैशावर उभ्या राहतात आणि पैसा आटला की बसतात. मग इथेच त्या कशा तगल्या, हा त्यांचा प्रश्न. उत्तर भाबडे नव्हते. गाळपाची क्षमता भरायची तर मोठ्या बागायतदाराला दोन एकरवाल्याचा ऊस लागतोच. म्हणून दोघांना दर एक आणि मतही एकेक. माणुसकीपेक्षा गरजेतून आलेली ही समता, पण ती टिकली. परिसरातल्या माणसाला हे पुस्तकातून कळावे लागत नाही. मे २०२५ मध्ये श्री छत्रपती कारखान्याच्या २१ जागांसाठी बऱ्याच वर्षांच्या खोळंब्यानंतर मतदान झाले, तेव्हा सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे या गावांनी सभासदाच्या मताला काय भाव असतो ते पाहिले. विधानसभेच्या उमेदवारालाही हेवा वाटावा, अशा गाठीभेटी त्या दिवसांत झाल्या.

या अभ्यासात मजुरांचा उल्लेख येत नाही असे नव्हे. पण सगळी मांडणी सभासदाभोवती फिरते. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात बारडोलीला प्रश्न उलटा धरला. तो कारखानाही सहकारीच, आणि तिथे ऊस तोडायला येणारी माणसे आपल्या खानदेशातली. ब्रेमन फडावरून कारखान्याकडे पाहत गेले, तेव्हा तीच लोकशाही त्यांना वेगळी दिसली. सहकार मालकांपुरता होता.

आपल्याकडे बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून टोळ्या येतात. पहाटे, थंडीने बोटे वळत नाहीत अशा वेळी फडात कोयता चालू होतो. नवरा तोडतो, बायको पाचट काढून वाढ्यानेच मोळी आवळते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. खाली बांधावर मोठी पोर धाकट्याला राखते. करार जोडप्याचा असतो, उचल मुकादम देतो आणि ती बहुधा पुरुषाच्या नावावर लिहिली जाते. एक दिवस अंग दुखले, पाळी आली, ताप आला तरी तो खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे उचलीत वाढतात.

जाहीरनाम्याचे २४ वे कलम विश्रांतीचा आणि पगारी सुट्टीचा हक्क सांगते. २५ वे कलम आई आणि मूल यांना विशेष काळजीचा हक्क देते. खाड्याच्या वहीशेजारी ही दोन कलमे ठेवून पाहावीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. ती साखर आपल्याच चहात पडते.

मताचेही तसेच. सभासद नसल्याने कारखान्यात त्यांना मत नाही, हे नियमाला धरून झाले. पण २०२४ चा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला ठरला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. वेळेवर फडात पोहोचायचे तर गावातले मत सोडायचे, असा तो हिशेब होता.

कारखानदार आणि वाहतूकदारांची बाजू खोटी नाही. लाखो रुपये उचल घेऊन मुकादम परागंदा होतो, ट्रॅक्टरवाला कर्जात बुडतो, हे दर वर्षी घडते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले, हेही खरे. पण शेतकऱ्याला १४ दिवसांत ऊसबिल मिळावे म्हणून १९६६ चा आदेश आहे आणि त्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या संघटना आहेत. तोडणाऱ्या बाईच्या हाती तिची निम्मी मजुरी कधी पडते, हे विचारणारे कुणी नाही. मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, हे उत्तर कागदावर टिकते. टोळी ज्याच्या गव्हाणीसाठी तोडते त्याला ते शोभत नाही.

कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप, उतारा, तोटा-नफा सगळे दशांशापर्यंत छापलेले असते. त्यातच एक पान या माणसांचे असावे, एवढीच आमची मागणी आहे: किती जोडपी आली, बरोबर मुले किती, शाळेत किती गेली, फडात अपघात किती, तळावर बाळंतपणे किती, खाड्यापोटी किती रक्कम कापली. हे काम परदेशी विद्यापीठाची वाट पाहणारे नाही. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या मुलांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. फक्त मुकादमाला विचारून फॉर्म भरू नयेत, बायकांशी वेगळे बोलावे, आणि त्यासाठी मुलीही सोबत न्याव्यात. टोळ्या परतायला अजून तीनेक महिने आहेत. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपुढे हे पान ठेवायचे तर पाहणी याच हंगामात व्हायला हवी.