हिऱ्याची कुदळ किती टिकावी, हे कुणी ठरवायचं?

तुमच्या घरात कुणी माइनक्राफ्ट खेळत असेल, तर हे चित्र ओळखीचं असेल. खोल खाणीत खोदकाम चाललंय, समोर हिरे दिसतायत आणि नेमकी तेव्हाच हातातली कुदळ तुटून गायब होते. जेवायला मारलेल्या तीन हाका ज्याला ऐकू आल्या नाहीत, तो मुलगा आता घर डोक्यावर घेतो. पुढचा प्रश्न ठरलेला, "ही कधीच तुटणार नाही, असं करता येतं का?"

करता येतं. कसं करायचं ते आज बघू, आणि त्याआधी घरात काय बोलून घ्यायचं तेही.

आधी आकडे समजून घ्या

या खेळात प्रत्येक हत्याराला एक आयुष्य असतं. त्यालाच ड्युरॅबिलिटी म्हणतात. लाकडी हत्यार ५९ वेळा चालतं, दगडी १३१, लोखंडी २५०, हिऱ्याचं १५६१ आणि नेदराइटचं २०३१ वेळा. सोन्याचं मात्र फक्त ३२! पण गंमत बघा, खोदण्याच्या वेगात सोनं सगळ्यांच्या पुढे आहे. म्हणजे वेग हवा तर आयुष्य कमी, आयुष्य हवं तर मेहनत जास्त.

चिलखताचा हिशेब थोडा वेगळा आहे. लोखंडी छातीकवच २४०, हिऱ्याचं ५२८, नेदराइटचं ५९२. अंगावर घाव बसला की अंगातल्या प्रत्येक भागाची झीज होते. घाव जितका मोठा तितकी झीज जास्त, आणि घाव कितीही छोटा असला तरी निदान एक अंक जातोच.

एक साधी सवयही लावून घ्या. कुदळीने झॉम्बीला मारू नका. खोदताना तिचा एक अंक जातो, मारताना दोन जातात. ज्याचं काम त्याने करावं!

खेळाच्या नियमातच आयुष्य वाढवा

कमांडकडे वळण्याआधी खेळातले उपाय वापरून बघा. 'अनब्रेकिंग' नावाची जादू तिसऱ्या पातळीची असेल, तर हत्यार सरासरी चौपट टिकतं. चिलखताला मात्र तिचा इतका फायदा होत नाही, तिथे आयुष्य जेमतेम दीडपटीच्या आसपास जातं. 'मेंडिंग' असेल तर तुम्ही मिळवलेल्या अनुभवाच्या एका अंकामागे झिजलेले दोन अंक भरून येतात.

ऐरणीवर दुरुस्ती करता येते. एक हिरा घातला की हिऱ्याच्या कुदळीचं पाव आयुष्य परत येतं. पण तीच वस्तू पुन्हापुन्हा ऐरणीवर नेली, की दर वेळी खर्च वाढत जातो आणि शेवटी खेळ सांगतो, फार महाग आहे, होणार नाही. जुनी स्कूटर ज्यांनी वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये नेली आहे, त्या आजोबांना हे लगेच पटेल.

आकडाच बदलायचा असेल तर

कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या १.२०.५ आवृत्तीपासून हे सोपं झालं आहे. जगात चीट्स सुरू हवेत. 'गिव्ह' कमांडमध्ये वस्तूच्या नावाला लागून चौकोनी कंस करायचा, त्यात 'मॅक्स डॅमेज', मध्ये अंडरस्कोर, मग बरोबरचं चिन्ह आणि हवा तो आकडा. ५००० लिहा, कुदळ ५००० वेळा चालेल. त्याऐवजी 'अनब्रेकेबल' लिहून पुढे बरोबरचं चिन्ह आणि रिकामा महिरपी कंस दिलात, तर ती तुटणारच नाही.

लक्षात ठेवा, बदल त्या एकाच वस्तूला लागू होतो. जगातल्या बाकी कुदळी तशाच राहतात. घडवताना प्रत्येक कुदळ नव्या आकड्याची मिळायला हवी असेल, तर डेटा पॅक करून त्यात कृती बदलावी लागते.

फोनवर खेळणाऱ्यांची आवृत्ती बेडरॉक. तिथे मूळ हत्याराचा आकडा असा एका ओळीत बदलत नाही. ॲड-ऑन घालून वेगळ्या आयुष्याचं नवं हत्यार आणावं लागतं. आणि एक महत्त्वाचं, बेडरॉकमध्ये एकदा चीट्स सुरू केले की त्या जगात अचीव्हमेंट्स कायमच्या बंद होतात. म्हणून आधी जगाची कॉपी काढा आणि प्रयोग त्या कॉपीत करा.

खऱ्या चिलखताच्या गावात

मी राहते चेन्नईजवळच्या आवडीत. "आवडीत राहते" म्हटलं की पुण्याची आत्या दर वेळी विचारते, "कुणाच्या गं?" पण हे गाव ओळखलं जातं ते रणगाड्यांसाठी. इथला हेवी व्हेइकल्स फॅक्टरी हा कारखाना १९६१ चा. विजयंता इथे बनला, नंतर टी-७२ अजेय, टी-९० भीष्म आणि अर्जुन. अर्जुनची रचनाही आवडीतल्याच डीआरडीओच्या संस्थेने केली. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ज्यांनी मुलांना रणगाडा संग्रहालय दाखवलं असेल, त्यांना ही मंडळी परकी वाटणार नाहीत.

आता बघा, पोलादाचं चिलखत घातलेल्या या गाड्यांनाही 'अनब्रेकेबल'ची सोय नाही. झिजलेले टी-७२ ओव्हरहॉलिंगसाठी याच कारखान्यात येतात, सुटे होतात, दुरुस्त होऊन परत जातात. आणि जास्त संरक्षण हवं, तर वजन वाढतं. टी-७२ साधारण ४१ टनांचा, तर अर्जुन मार्क-१ए सुमारे ६८ टनांचा. त्याला ओढायला तसंच दमदार इंजिन हवं, आणि रस्त्यातला पूलही तेवढा भक्कम हवा. टिकाऊपणाची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागतेच.

कमांड लिहिताना मात्र ५००० चा आकडा फुकट मिळतो. घोळ तिथेच होतो.

आमच्या शेजारच्या घरात आठवीतला दादा आणि चौथीतली बहीण एकाच जगात खेळतात. दादाने स्वतःला न तुटणारं सगळं घेतलं, बहीण लोखंडावरच राहिली. आठवड्याभरात तिने खेळणंच सोडलं. आईला वाटलं, बरं झालं, अभ्यास करेल. खरं कारण तिने मला सांगितलं, "ताई, माझं तुटलं की तो हसतो. त्याचं तुटतच नाही."

शेवटी त्यांच्या आईने दोघांना समोरासमोर बसवलं. नियम ठरला तो असा. दोघांना एकच आकडा, ३०००. अशी कुदळ हवी असेल, तर आधी हिऱ्याची एक कुदळ स्वतः घडवून घरातल्या सामाईक पेटीत ठेवायची. आणि आकडा बदलायचा तर दोघांचा होकार हवा. बहीण परत खेळायला लागली. दादा अधूनमधून कुरकुरतो, पण खेळतो.

तुमच्या घरीही असंच करून बघा. आकडा बदलण्याआधी तीन प्रश्न विचारा. तो सगळ्यांना सारखा आहे का? त्याच्या बदल्यात काय द्यायचं? आणि कंटाळा आला तर मागे कसं फिरायचं? उलटा खेळही मजेदार असतो. कुदळीचं आयुष्य दहावर आणा आणि बघा, प्रत्येक घाव किती विचार करून घातला जातो ते. आजी-आजोबांनाही बोलवा. एकेक वस्तू जपून वापरायच्या युक्त्या त्यांच्याकडे भरपूर असतात.