रिंगा बसेपर्यंत

तर मंडळी, घेतली एकदाची!

'यंदा नक्की, यंदा नक्की' म्हणत मी या पानावरून तुमचं बरंच डोकं खाल्लंय, त्याबद्दल सॉरी. २०२५ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन ॲक्टिवा आणि एका स्प्लेंडरच्या मधोमध केटीएम आरसी ३९० येऊन उभी राहिली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, टाकीवर आईनं काढलेलं स्वस्तिक. स्पोर्ट्स बाइकला हार घालणं सोपं नसतं हो. हँडल एवढं खाली की हार सरळ पुढच्या चाकात जातो. शेवटी तो आरशांना गुंडाळला आणि गाडी नवरदेवासारखी दिसायला लागली.

मग बिल्डिंग खाली उतरली. काकांचा पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "किती पडली?" तिसरा माझ्या लग्नाबद्दल होता, तो सोडून देऊ. सगळ्यात अवघड प्रश्न आईनं विचारला. तिनं गाडीला एक चक्कर मारली, मागच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "मी कुठं बसायचं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. मागची सीट आहे, पण ती असल्याचा पुरावा म्हणून आहे. आईचे गुडघे दुखतात आणि दर मंगळवारी तिला गणपती मंदिरात जायचं असतं. चार लाखांच्या आसपास पैसे घालून मी घरात अशी वस्तू आणली होती, जिचा माझ्याशिवाय कुणालाही काडीचा उपयोग नाही. हे मला तेव्हा, त्या झेंडूच्या वासात, पहिल्यांदा नीट कळलं.

आता थोडे आकडे, कारण ऑफिसातल्या मित्रांना तेच हवे असतात. शेजारच्या स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद साधारण ८ पीएस. आरसीचं ३७३.२ सीसीचं एकच सिलिंडर, ४३.५ पीएस. म्हणजे ताकद पाचपटीच्या वर. आणि वजन? १७२ किलो. स्प्लेंडरच्या दीडपट फक्त. या दोन आकड्यांमधल्या फरकातच सगळी झिंग आहे, आणि सगळी भीतीपण.

पण खरा महाग आकडा आहे २३. हे ३५० च्या वरचे सीसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर थेट ४० टक्के झाला. माझं बुकिंग त्याच सुमाराला होतं, टायमिंगला दाद द्या! इन्शुरन्सचंही तेच. २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७. डबलपेक्षा जास्त! इंजिन २३ सीसींनी मोठं असलं की सरकारदरबारी तुम्ही एकदम श्रीमंत.

जयसिंगपूरच्या मामाचा फोन आला, "अरे, ती कंपनी बुडाली ना?" अगदीच चुकीचं नव्हतं. ऑस्ट्रियातली मूळ केटीएम नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जात गळ्यापर्यंत जाऊन कोर्टाच्या दारात पोचली होती. २००७ पासून तिच्यात भागीदार असलेल्या आपल्या बजाजनं पैसे ओतले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबाच घेतला. आरसी तर आधीपासून चाकणलाच बनते. मामाला म्हटलं, "मामा, ऑस्ट्रियाचं सोडा, माझी गाडी पुणे जिल्ह्यातली आहे." त्याला ते पटलं. पुण्याचं काही बुडत नाही, असं त्याचं मत आहे.

अण्णा या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. हार घातला तेव्हा गॅलरीतून बघत होते. अण्णांनी तीस वर्षं कुपवाड एमआयडीसीत लेथवर काढली. सिलिंडर बोअर करणं, होनिंग करणं हे त्यांचं रोजचं काम. घरात त्यांची चेतक होती. तीच चेतक २०१९ च्या महापुरात गेली. तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर पोचली, आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागेत मावशीकडे आलो आणि चेतक चार-पाच दिवस पाण्याखाली राहिली. नंतर अण्णांनी ती खोलून, धुऊन, पुन्हा जोडली. सुरू झाली नाही. भंगारवाल्यानं नेली तेव्हा ते घरात नव्हते, मुद्दाम बाहेर गेले होते.

तर असे अण्णा तिसऱ्या दिवशी खाली आले. मी गाडी गरम करत होतो, म्हणजे उगाच रेस करून आवाज ऐकत होतो. म्हणाले, "बंद कर आधी. रिंगा बसू देत."

शोरूममधल्या मुलानं मला सांगितलं होतं, की पहिले हजार किलोमीटर गाडी जास्त पिळायची नाही. का, ते सांगितलं नव्हतं. अण्णांनी पार्किंगच्या कठड्यावर बसून सांगितलं. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंग करताना तिच्यावर बारीक तिरप्या रेघा मुद्दाम ठेवतात, त्यात ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या नव्या रिंगा त्या रेघांवर घासत घासत आपला आकार घेतात. पेट्रोल पेटलं की वायू रिंगेच्या मागं शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. म्हणून गाडी फार हळू चालवली तर रिंग दाबलीच जात नाही, रेघा नुसत्याच चकाकतात. फार पिळली तर तापून ओरखडे. आणि एकाच स्पीडनं तर अजिबात चालवायची नाही. कमी-जास्त, कमी-जास्त. "माणसाला कसं कामाला लावतो आपण, नवीन हेल्परला? पहिल्या दिवशी मोठा जॉब देत नाही, आणि नुसतं बसवूनही ठेवत नाही."

एवढं सलग ते माझ्याशी बोलल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

मग आमचं एक रुटीनच बसलं. सकाळी सहाला मी विलिंग्डन कॉलेजवरून मिरजेकडे, कधी अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूरपर्यंत, कधी नरसोबावाडी. गिअर बदलत, वेग बदलत. परत आलो की अण्णा विचारणार, "किती झाले?" एकशे चाळीस. दोनशे दहा. कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली, ते आकडा लिहून ठेवायचे.

या गाडीवर बसणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, बरं का. हँडल खाली, पाय मागं, अंग टाकीवर ओणवं. पहिला आठवडा माझी मनगटं मोडून आली, कारण सगळं वजन मी हातांवर टाकत होतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि हात सैल सोडायचे हे कळल्यावर बरं वाटलं. शंभर फुटीवर स्पीडब्रेकर आले की मात्र अवस्था बघण्यासारखी. मागून ॲक्टिवावर दोन पोरी हसत पुढं जातात आणि आपण ४३.५ पीएस घेऊन मुंगीच्या पावलानं ब्रेकर उतरतोय. सिग्नलला थांबलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा पायांवर येते. एवढं मोठं इंजिन छोट्या जागेत कोंबलं की उष्णता कुठंतरी जाणारच. थंडीत बरं वाटतं म्हणे. मे महिन्यात सांगतो.

माझं ऑफिस पुण्यात, आठवड्यातले दोन दिवस तोंड दाखवावं लागतं. २३० किलोमीटर. कात्रज, खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका, मग आत वळून आष्ट्यावरून सांगली. एक फेरी झाली आणि हजाराचा आकडा पार. सर्व्हिसिंगला अण्णा स्वतः आले. काढलेलं ऑइल त्यांनी बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, उन्हात धरलं. बारीक चमक होती. रिंगांनी आणि भिंतीनं सोडलेला चुरा. "बसल्या," म्हणाले. बास, एवढंच.

आता पुढचं लिहू की नको, असा विचार दोन दिवस करतोय. लिहितो.

रिंगा बसल्या म्हणजे मला परवानगी मिळाली, असं मी धरलं. नोव्हेंबरातला एक शुक्रवार. पाचला पुण्यातून निघालो. हायवेवर पहिल्यांदाच इंजिन ७,००० च्या पुढं फिरू दिलं. या गाडीचा सगळा जोर, ३७ न्यूटन मीटर, तिथंच ठेवलाय. महिनाभर ज्या दारावर टकटक करत होतो ते उघडलं. काय सांगू! कराड कधी गेलं कळलं नाही. पेठ नाक्याला आत वळलो तेव्हा अंधार पडला होता, आणि हायवेचा वेग अजून अंगात होता.

आष्ट्याच्या अलीकडे. वेग ८५ च्या आसपास. समोरून एका ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले, गेले, आणि त्याच्या मागच्या काळोखात एक भिंत उभी होती. उसाची. गळीत हंगाम सुरू झालेला, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जुंपलेल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. मागं दिवा नाही, रेडियमचा तुकडासुद्धा नाही.

नंतर मी हिशेब केला. ८५ म्हणजे सेकंदाला साडेतेवीस मीटर. दिसणं आणि ब्रेक दाबणं यात एक सेकंद जातोच. त्यानंतर चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर थांबायला आणखी चाळीस मीटर लागतात. एकूण साठच्या वर. आणि डिपरवर माझा दिवा नीट दाखवतो चाळीसेक मीटर. म्हणजे ट्रॉली दिसायच्या आधीच मी चुकलेलो होतो. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच, पण ती मी दुरुस्त करू शकत नव्हतो.

ब्रेकच्या लिव्हरमध्ये एबीएसची थरथर बोटांना जाणवली. चाक लॉक झालं नाही म्हणून गाडी वळली. डावीकडे साइडपट्टीवर उतरलो, खडीवर हलली, उसाची टोकं हेल्मेटला आणि उजव्या आरशाला खसाखसा घासत गेली. थांबलो तेव्हा ट्रॅक्टर पुढं निघून चालला होता. त्याच्यावर मोठ्यानं गाणी लागली होती. त्याला पत्ताही नव्हता.

पाय जमिनीवर टेकले, पण ते माझे वाटत नव्हते. दहा मिनिटांनी निघालो. घरी सांगितलं नाही. आईनं भाकरी वाढली, मी जेवलो.

सकाळी अण्णा फडकं घेऊन गाडी पुसत होते. मी खाली गेलो तर त्यांच्या हातात एक उसाचं पातं. उजव्या आरशाच्या दांड्यात अडकलं होतं.

"काल पुण्यातनं किती वाजता निघालास?"

"पाचला."

"घरी साडेआठला." त्यांनी मनात भागाकार केला असणार. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या माणसाला हे गणित काय अवघड! पातं त्यांनी दुमडलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी ते हेल्मेट घालून पार्किंगमध्ये उभे. हातात पिशवी, पिशवीत लाल रेडियम टेपची दोन बंडलं आणि जुनं धोतर फाडून केलेली फडकी.

"चल."

"कुठं?"

"आष्ट्याला. रस्ता तुला चांगला माहीत झालाय."

तर माझ्या स्पोर्ट्स बाइकवर मागं बसलेला पहिला माणूस म्हणजे बासष्ट वर्षांचे अण्णा. चढायला त्यांना माझा खांदा धरावा लागला. गुडघे छातीशी, पिशवी दोघांच्या मधे. मी साठच्या वर गेलो नाही. जातो कसला, पाठीवर त्यांचा हात होता.

आष्ट्याजवळ एका चहाच्या टपरीशी उसाचे ट्रॅक्टर थांबतात. पहिल्या ड्रायव्हरला वाटलं, आम्ही आरटीओकडून आलोय. बीडकडचा पोरगा, माझ्याहून लहान. म्हणाला, "ट्रॉली मालकाची हाय, आमची न्हाई." अण्णा म्हणाले, "टेप माझी हाय. चहा पी तू." मग त्यांनी ट्रॉलीचं मागचं फळकं आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसलं, कारण धुळीवर टेप धरत नाही, आणि वीतभर लांबीचे तुकडे कोपऱ्यांवर दाबून दाबून चिकटवले. मी कात्री चालवत होतो. दुसऱ्या ट्रॉलीनंतर तो पोरगा स्वतःच फडकं घेऊन आला. अकरा ट्रॉल्या झाल्या आणि टेप संपली.

येताना ते काही बोलले नाहीत. पार्किंगमध्ये उतरले, कंबर धरून सरळ झाले. आई गॅलरीत होती. तिनं वरून विचारलं, "कशी आहे हो मागची सीट?"

"फळी आहे नुसती," अण्णा म्हणाले.

"म्हणजे मी बसायचं नाहीच."

"बस की. उशी घेऊन बस." मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "ॲव्हरेज किती देते रे ही?"