दादीचे अठ्ठेचाळीस चिंचोके

येत्या रमजानला आमच्या दादीला जाऊन एक वर्ष होईल. सहरीला हाका मारून उठवणारा तिचा आवाज नाही, हे अजून अंगवळणी पडत नाही. तिची जानमाज आम्ही तशीच घडी घालून ठेवली आहे.

दादी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. फजरनंतर कुरआनची तिलावत झाली की ती मराठी भाषांतर उघडायची. म्हणायची, “अल्लाह काय सांगतो ते कळलंच नाही, तर अमल कशावर करायचा?”

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ती नवी नवरी होती. कसब्यातलं नदीकाठचं घर मुठेच्या पुरात गेलं. पुढे दादाअब्बांनी शिवणकाम करून मोमीनपुऱ्यात घर उभं केलं. दोन मुलगे, दोन मुली त्या घरात वाढल्या.

दादाअब्बांचा इंतकाल झाला. दादीची इद्दत संपली आणि घरात बैठक बसली. समोर हक्कसोडपत्र तयार होतं. दोन्ही फुफींनी फक्त सही करायची होती. चाचा म्हणाले, “बहिणींच्या लग्नात आपण काही कमी केलं नाही. शिवाय त्या स्वतःच नको म्हणतात.”

दादीने आधी विचारलं, “तुमच्या अब्बांचं कर्ज फिटलं का?” कापडवाल्याचे पैसे बाकी होते. ते आधी द्यायला लावले. मग मोठ्या फुफीकडे वळून म्हणाली, “तुला खरंच नको आहे, की मागायची लाज वाटते?”

फुफी रडायला लागली. “अम्मी, माहेर तुटेल याची भीती वाटते.”

दादी उठली आणि डब्यातून ४८ चिंचोके मोजून आणले. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणून ६ स्वतःपुढे ठेवले. उरलेल्या ४२ पैकी प्रत्येक मुलापुढे १४ आणि प्रत्येक मुलीपुढे ७. “हा हिशेब माझा नाही, सूरह निसाचा आहे. लग्नात दिलं ते बापाने खुशीने दिलं, ते वारशातून वळतं होत नाही. आधी बहिणींचा हिस्सा त्यांच्या हातात द्या. मग त्यांना वाटलं तर त्या परत देतील. जे हातातच आलं नाही, ते सोडणार कसं?”

चाचा रागावून कोंढव्याला निघून गेले. त्या ईदला ते आलेच नाहीत. दादीने शिरखुर्म्याचा डबा आमच्या हाती पाठवला, पण हिशेब बदलला नाही. घर विकावं लागलं नाही. किंमत ठरवून दोघा भावांनी हप्त्याहप्त्याने पैसे दिले. त्याला चार वर्षं लागली. मोठ्या फुफीने त्यातून मुलीला नर्सिंगला घातलं. धाकट्या फुफीने काही रक्कम चाचांच्या अडचणीला आपणहून परत दिली. माहेर तुटलं नाही.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत सांगितलं आहे की आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालात, तो थोडा असो वा फार, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरलेला आहे. पुढे हिस्से सांगून त्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटलं आहे. वसीयतही एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ शकत नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने आपल्या देशातही मुस्लिम मुलीचा वारसाहक्क मान्य केला आहे. तरीही किती घरांत बहिणीच्या गप्प बसण्यालाच तिची मर्जी समजलं जातं! नमाज-रोजाला जपणारे आपण इथे मात्र ‘रिवाज’ पुढे करतो. रिवाजाने घेतलेली सही अल्लाहपुढे कशी चालेल?

दादी गेल्यावर तिच्या सहा हिश्श्यांचा प्रश्न आला. आम्ही काही बोलायच्या आत चाचांनी खिशातून कागद काढला. त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: दोन, दोन, एक, एक.

आपल्या घरातही असा एखादा हिशेब राहून गेला असेल, तर या रमजानच्या आधी तो पूर्ण करावा, एवढीच विनंती. अल्लाह तआला आमच्या दादीची मगफिरत करो आणि तिला जन्नतुल फिरदौसमध्ये जागा देवो. आमीन.