शेततळ्यातले पाणी कोणाचे?

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांश जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने शेतीची बरीचशी भिस्त भूजलावर असते आणि इथला काळा पाषाण ते फारसे साठवत नाही. 2012-13च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या आणि त्यानंतर शेततळे हाच तरणोपाय मानला जाऊ लागला. पण तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून ते पावसाळ्यानंतर विहिरी-बोअरच्या उपशाने भरले, की त्यात पाण्याची बचत उरत नाही. जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेले साऱ्या शिवाराचे पाणी एका खातेदाराच्या बांधात येते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याचीही वाफ होते.

तळे नसेल तर बाग जगवायची कशी, हा प्रश्न रास्तच आहे. मोसंबी काही वर्षांनी फळाला येते. एक उन्हाळा चुकला की सारी मेहनत मातीत. जिल्ह्यातल्याच कडवंचीचा दाखलाही दिला जातो, की शेततळी आणि द्राक्षबागांनीच ते गाव वर आले. मात्र तिथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने आधी पाणलोटाची कामे झाली, मगच तळी वाढली. अनुकरण करणारे हा क्रम सोयीने विसरतात. उपशाला आवर घालणारा भूजलाचा कायदा 2009चा, तोही कागदावरच जास्त. तेव्हा शेततळ्यांचे सरकारी अनुदान वाहत्या पाण्याने भरणाऱ्या तळ्यांनाच द्यावे आणि ग्रामसभांनी ऑक्टोबरातच पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरवावीत.