बाबांचे कान ठीक आहेत

गेलं वर्षभर आमच्या घरात एक वाक्य रोज म्हटलं जायचं. "बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतंय, डॉक्टरांकडे चला." सिनेमा लागला की बाबा आवाज वाढवायचे, मारामारी सुरू झाली की आई ओरडायची, आवाज कमी व्हायचा आणि संवाद गायब! मागच्या महिन्यात मी वैतागून टीव्हीमागच्या वायरी तपासल्या. सेंटर स्पीकर जागेवरच नव्हता. टीव्हीखाली फुलदाणी हवी म्हणून दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावर गेला होता. अँप्लिफायर बिचारा त्याला हजर धरून सगळे संवाद त्याच्याकडेच पाठवत होता. मेनूत 'सेंटर नाही' एवढं सांगितलं असतं, तरी ते डाव्या-उजव्यात वाटून ऐकू आले असते. ते कुणी केलं नाही. बाबांना मात्र बहिरं ठरवून मोकळे झालो.

तर मंडळी, आज मला भांडायचंय.

१९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं. तेव्हापासून हे ५.१ चं गणित तेच आहे: पुढे तीन, सराउंड दोन आणि खर्जाचा एक. तरी घरोघरी गोंधळ. माझा सगळ्यात जास्त राग 'रिअर' या शब्दावर आहे. आयटीयूची बीएस.७७५ ही शिफारस सांगते, की पुढचे डावा-उजवा मध्यापासून ३०-३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर. म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासे मागे, बाजूलाच. पण वायरीच्या खाचेवर 'रिअर' छापलेलं असतं, म्हणून लोक ते पार मागच्या भिंतीला ठोकतात. माझ्या मेहुण्याकडे तर दोन्ही एकाच शोकेसवर, जुळ्या भावांसारखे शेजारी-शेजारी :)

मेहुण्याला हसून घ्या, पण संगणकवाले काय वेगळे आहेत? एफएफएमपेग या प्रोग्रॅमला तोच सिनेमा एसी-३ मध्ये दिला तर तो सराउंडना 'साइड' म्हणतो, एएसीमध्ये दिला तर 'बॅक'. ५.१ वाल्याला फरक कळत नाही. पण आठ स्पीकरवाल्या घरात प्लेअरने ही पाटी शब्दशः घेतली, तर तोच पाऊस एकदा बाजूने पडतो आणि एकदा पाठीमागून. पाऊस एकच, मिक्स करणारा माणूस एकच. पाट्या दोन!

क्रमाची तऱ्हा तर विचारूच नका. एसी-३ मध्ये डावा, मधला, उजवा, मग दोन सराउंड, शेवटी खर्ज. एएसीमध्ये मधला सगळ्यात आधी. वेव्ह फाइलीत डावा, उजवा, मधला, खर्ज, मग उरलेले दोन. एखाद्या उत्साही वीराने पहिल्या क्रमाचे चॅनल जसेच्या तसे वेव्हमध्ये ओतले, की नायिका उजव्या कोपऱ्यातून बोलते आणि डाव्या बाजूची गर्दी वूफरमध्ये जाऊन घुमते. अशा फाइली मी स्वतः ऐकल्यात. बनवणाऱ्याने एकदाही ऐकल्या नसाव्यात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आवाज येतोय ना? मग झालं." नाही झालं. मधल्या चॅनलमध्ये माणसं बोलत असतात हो! तो चुकला की ज्याला आधीच थोडं कमी ऐकू येतं, त्याचाच सिनेमा आधी बंद पडतो. आणि तो तक्रारही करत नाही, कारण त्याला वाटतं दोष आपलाच. स्पीकरचं नाव घेत एकेक चॅनल वाजवणारी चाचणीची फाइल असते, पाच मिनिटं लागतात. फाइल बनवणाऱ्यांनी पुढे पाठवण्याआधी ती पाच मिनिटं काढावीत. आणि घरातल्या शहाण्यांनी (यात मीही आलो) डॉक्टरांचा नंबर फिरवण्याआधी.

असो. सेंटर आता टीव्हीखाली आहे. फुलदाणी फ्रिजवर गेली म्हणून आईचा अबोला चालू आहे. बाबांनी काल आवाज १८ वर ठेवून अख्खा सिनेमा पाहिला आणि मध्येच मला म्हणाले, "जरा हळू बोल, ऐकू येतंय मला."