नसांच्या दुखण्याचा इलाज रामटेकातच व्हावा

तळपायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखी कळ उठते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. मधुमेहाने नसा खराब झालेल्या माणसाच्या या तक्रारीवर आपल्याकडे सहसा डायक्लोफिनॅकची गोळी दिली जाते. ही गोळी सूज उतरवते. पण इथे सूज नसतेच. इजा खुद्द नसेला झालेली असते आणि ती नस कारण नसतानाही मेंदूकडे वेदनेचे संदेश धाडत राहते. दुखणे जागच्या जागी राहते आणि रोजच्या गोळीने मधुमेहात आधीच धोक्यात असलेली मूत्रपिंडे आणखी बिघडू शकतात. त्यातच बराच काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते आणि तिनेही नसा बिघडतात. ही उणीव भरून काढता येते, पण आधी ती तपासायला हवी.

या वेदनेवर वेगळी औषधे आहेत. अमिट्रिप्टिलिन त्यांतले जुने आणि स्वस्त. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन नंतरची. 2015 साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या आढाव्यानुसार, ही औषधे साधारण चार ते आठ जणांना दिली तर त्यांतल्या एकाची वेदना औषधामुळे निम्म्यावर येते. हा आकडा निराश करणारा वाटेल, पण रुग्णाला तो आधीच सांगणे हाच उपचाराचा पाया आहे. वेदना पूर्ण जाईल अशी आस लावली की माणूस आठवड्याभरात औषध सोडतो. डोस हळूहळू वाढवत काही आठवडे थांबावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सलग झोप लागणे, धान रोवायला बांधीत उतरता येणे, हे यशाचे खरे माप. काहींची वेदना ओसरते आणि पाय बधिर होतात, ते तर अधिक घातक. वैशाखातल्या तापलेल्या दगडावर, रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्यांवर अनवाणी चालताना भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते. अशा भाविकाने मंदिराच्या दारापर्यंत चप्पल घालावी. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ कुठून आणायचा, असा आक्षेप घेतला जाईल. पण बहुतेक रुग्णांना तो लागतच नाही. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने 1950 च्या दशकात सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही पद्धत रुजवली. तिच्यात प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव फिरून चट्ट्यांवरची संवेदना तपासत. ज्या विदर्भात हे घडले, तिथे परिचारिकेला दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळपाय तपासायला शिकवणे अशक्य कसे? काही मिनिटांचे हे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: प्रीगाबालिनचा नशेसाठी गैरवापर होतो आणि अमिट्रिप्टिलिन म्हाताऱ्यांना किंवा हृदयविकार असलेल्यांना सोसत नाही. हे खरेच आहे. म्हणून तर ही औषधे नोंद ठेवून, नियमित तपासणीसह सरकारी दवाखान्यातून मिळावीत. महिन्याच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून नागपूर गाठावे लागले, तर उपचार मध्येच तुटतो.

रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासले जावेत आणि अमिट्रिप्टिलिनचा साठा कधी संपू नये, एवढी मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. आणि ज्यांचे पाय रात्री जळतात त्यांनी हे वयाचे दुखणे म्हणून अंगावर काढू नये. पुढच्या तपासणीला चप्पल काढून पाय डॉक्टरांना दाखवावेत.