तज्ज्ञ खोटं बोलले, की आपण त्यांचा ‘जर’ खाल्ला?

पोस्ट लांब आहे. आत्ता घाई असेल तर रात्री निवांत वाचा.

परवा निफाडला स्टँडसमोर चहा घेत होतो. तिथे अण्णा भेटले. द्राक्षबागायतदार, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, माझं लिखाण पहिल्यापासून वाचणारे. मुलगा इंग्लंडात लेस्टरला नोकरीला असतो, त्यामुळे ब्रिटनच्या बातम्यांवर त्यांचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष. मोबाईल पुढे करून एक व्हिडिओ दाखवला. ब्रेक्झिटच्या मतदानाला दहा वर्षं होत आली, तज्ज्ञांनी दाखवलेली सगळी भीती खोटी ठरली, तज्ज्ञ विकले गेलेत वगैरे. व्हिडिओ संपला आणि अण्णा म्हणाले, “पत्रकार, तुम्ही पण छापलं होतं की. वर्षात मंदी येणार म्हणून. कुठंय मंदी?”

खरं आहे. छापलं होतं. जून २०१६, एका जिल्हा दैनिकातलं माझं साप्ताहिक सदर. मथळा ‘ब्रिटन मंदीच्या खाईत’. शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नव्हतं. घरी येऊन जुनी फाईल काढली आणि ते कात्रण पुन्हा वाचलं. लाज वाटली, पण अण्णांना वाटते त्या कारणासाठी नाही.

आधी घडलं काय ते बघू. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. त्याआधी मे महिन्यात ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याने अहवाल दिला होता की बाहेर पडायचा कौल आला तर वर्षभर मंदी येईल आणि बेरोजगार पाच लाखांनी वाढतील. कौल आला. मंदी आली नाही. बेरोजगारी उलट कमी होत होत २०१८ मध्ये चार टक्क्यांच्या आसपास आली. पौंड मात्र त्या एका रात्रीत दीड डॉलरवरून १.३३ च्या आसपास घसरला, आणि त्यामुळे आयात माल महागला. पण ‘वर्षात मंदी’ हा अंदाज सपशेल चुकला, यात वाद नाही.

आणि हे कबूल कोणी केलं? बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ अँडी हॉल्डेन यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, जाहीरपणे. त्याच वेळी आर्थिक संकटाचा अंदाज न येणं हा आमच्या पेशाचा ‘मायकल फिश क्षण’ होता, असंही म्हणाले. हा फिश म्हणजे बीबीसीचा हवामान सांगणारा माणूस. ऑक्टोबर १९८७ मध्ये दुपारी टीव्हीवर हसत हसत म्हणाला, एका बाईंनी फोन करून विचारलं वादळ येतंय का, काळजी करू नका. त्याच रात्री इंग्लंडच्या दक्षिण भागात असं वादळ आलं की १८ माणसं गेली. आपल्याकडे हवामान खात्यावर जेवढे विनोद होतात त्याहून जास्त तिकडे त्या एका वाक्यावर झाले असतील.

आता माझ्या कात्रणाकडे येतो. त्या अहवालात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. एक, कौल आल्यावर सरकार बाहेर पडण्याची नोटीस लगेच देईल. दोन, बँक ऑफ इंग्लंड मध्ये पडणार नाही. झालं काय? पंतप्रधान कॅमेरून यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. नोटीस दिली गेली २९ मार्च २०१७ ला. बँकेने ऑगस्ट २०१६ मध्येच व्याजदर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं. म्हणजे ज्या ‘जर’वर अंदाज उभा होता तो ‘जर’च घडला नाही. आणि माझ्या सदरात तो ‘जर’ होता का? एजन्सीच्या इंग्रजी बातमीत खाली सहाव्या-सातव्या परिच्छेदात होता. मी शब्दमर्यादा सांभाळताना तेवढाच उडवला. डेस्कने नाही, मीच.

हे सांगून मी अर्थखात्याला सोडून देत नाहीये. कौल लागला की लोक घाबरून खर्च थांबवतील, हे त्यांचं गणित ‘जर’ बाजूला ठेवूनही चुकलं. ब्रिटिश माणूस शनिवारी खरेदीला जायचा तसाच गेला. शिवाय त्याच खात्याने एप्रिलमध्ये सांगितलं होतं की बाहेर पडलात तर २०३० पर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका बसेल. हा आकडा काढला कसा, तर देशाच्या उत्पन्नात होणाऱ्या अंदाजे घटीला कुटुंबांच्या संख्येने भागून. असा भागाकार करून आलेला आकडा कुणाच्याच घरात सापडत नाही. आपल्या तालुक्यातल्या द्राक्ष निर्यातीचे पैसे घरांच्या संख्येने भागा आणि मजुरी करणाऱ्या बाईला सांगा की तुझ्या वाट्याला एवढे आले. ती काय म्हणेल?

न्यूकॅसलमध्ये एक बाई तेच म्हणाली. प्राध्यापक आनंद मेनन (लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये युरोपच्या राजकारणाचे अभ्यासक, घराणं भारतीय) सार्वमताआधी तिथे एका सभेत सांगत होते की बाहेर पडलो तर जीडीपी कमी होईल. प्रेक्षकांतून एक बाई ओरडली की तो तुमचा जीडीपी, आमचा नाही. मेनन स्वतः हा किस्सा पुढे अनेकदा सांगत आले, हे मला विशेष वाटतं. ओरडा खाल्लेला माणूस सहसा तो लपवतो.

ही गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळायला हवी. २०१० आठवा. आपले कंटेनर युरोपात अडकले होते, क्लोरमेक्वॅटचा अंश सापडला म्हणून. वेलीची वाढ रोखायला जे आपण वर्षानुवर्षं मारत होतो तेच. इथून माल निघताना प्रयोगशाळेचा दाखला होता. दाखला खोटा नव्हता. तपासायच्या यादीत जेवढी औषधं होती तेवढी तपासली होती, आणि हे यादीतच नव्हतं. कितीतरी घरांचा त्या हंगामाचा पैसा गेला. न्यूकॅसलच्या बाईचंही तसंच झालं. तज्ज्ञांनी जीडीपी तपासला, तो बरोबर तपासला असेलही. तिच्या गल्लीतलं बंद पडलेलं कारखान्याचं गेट त्यांच्या यादीत नव्हतं.

पण २०१० नंतर आपण काय केलं? रेसिड्यू तपासणी बंद केली का? यादी वाढवली. अण्णांना मी तिथेच विचारलं, पुढच्या हंगामात तुम्ही माल दाखल्याशिवाय पाठवला का? अण्णा हसले फक्त.

ब्रिटनमध्ये ‘आता तज्ज्ञ पुरे झाले’ हे वाक्य मायकल गोव्ह या मंत्र्याच्या नावावर चढलं आहे. ३ जून २०१६ ची टीव्ही मुलाखत. ते ब्रेक्झिटच्या बाजूचे. पण त्यांचं वाक्य तेवढंच नव्हतं. त्यांचा रोख होता तो लघुनावांच्या संस्थांतल्या तज्ज्ञांवर, जे आम्हालाच सगळं कळतं म्हणतात आणि वारंवार चुकतात. मुलाखतकाराने मध्येच तोडलं आणि जगभर अर्धंच वाक्य फिरलं. म्हणजे तज्ज्ञांना हाणणाऱ्याच्या वाक्यातलाही महत्त्वाचा तुकडा आम्हा मीडियावाल्यांनीच खाल्ला. मला गोव्ह पटत नाहीत, तरी हे नोंदवायला हवं.

आणि लोकांचा राग हवेतून आला नव्हता. २००३ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्यासाठी अभ्यासकांनी अंदाज केला होता की पोलंड वगैरे नवे देश युरोपीय संघात आल्यावर तिथून वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार लोक ब्रिटनमध्ये येतील. आले त्याच्या कितीतरी पट. आता या अहवालातला ‘जर’ बघा. जर्मनीसारखे मोठे देशही आपली दारं उघडतील, असं त्यात धरलेलं होतं. १ मे २००४ ला दारं लगेच उघडली ती फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने. जर्मनीने २०११ पर्यंत बंद ठेवली. मग सगळा लोंढा कुठे वळणार? पण मंत्र्यांनी आकडा तेवढा उचलला, अट टाकून दिली. पुढे त्याच सरकारातले जॅक स्ट्रॉ यांनी मान्य केलं की ती आमची मोठी चूक होती. तोवर गावोगावच्या लोकांनी तज्ज्ञांच्या नावापुढे फुली मारलेली होती. तेरा वर्षांनी दुसरे तज्ज्ञ वेगळ्या विषयावर बोलायला आले तेव्हा कोण ऐकणार?

‘जर’ दुसऱ्या बाजूलाही होता, बरं का. कार्डिफचे अर्थशास्त्रज्ञ पॅट्रिक मिनफर्ड सांगत होते की बाहेर पडून ब्रिटनचा फायदाच होईल, जर ब्रिटनने सगळं आयात शुल्क एकतर्फी काढून टाकलं तर. कुठल्याही सरकारने तसं केलं नाही. प्रचारात मात्र ‘अर्थतज्ज्ञ म्हणतात फायदा’ एवढंच होतं. आणि बसवर रंगवलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड! ब्रिटनला परत मिळणारी सूट वजा न करता काढलेला तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असं तिथल्या सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच सांगितलं होतं. बस फिरत राहिली.

मग आज काय? तिथे ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी नावाची स्वतंत्र संस्था आहे, २०१० पासूनची. ती म्हणते की संघात राहिले असते त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्के कमी राहील. ही तुलना अस्तित्वातच नसलेल्या ब्रिटनशी आहे, त्यामुळे ती अण्णांच्या मुलाला लेस्टरच्या रस्त्यावर दिसणार नाही. एका वर्षात कोसळेल म्हणणारे चुकले. हळूहळू झिजेल म्हणणाऱ्यांचं पारडं मला जड वाटतं, पण मध्ये कोविड आला, युक्रेन युद्धाने गॅस महाग झाला, त्यामुळे कशाचा किती वाटा यावर अभ्यासकांतच वाद चालू आहेत. चालू दे.

ब्रेक्झिटवाल्यांचं एक म्हणणं खरं ठरलं, तेही सांगतो. ब्रिटन स्वतःचे व्यापार करार करू लागला. २४ जुलै २०२५ ला भारताशी झालेला करार हा त्यातलाच. ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे की त्यातून त्यांच्या अर्थव्यवस्थेत दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल. ऐकायला मोठा आकडा आहे. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेच्या तो पाव टक्काही भरत नाही. तो ४ टक्क्यांच्या शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट मात्र तज्ज्ञांच्या हातातलीच नाही. आमचे कायदे लंडनने करायचे की ब्रसेल्सने, याचं उत्तर कुठल्याही गणितात नाही. थोडं नुकसान सोसू पण निर्णय आमचा, असं एखादा ब्रिटिश म्हणाला तर तो अडाणी ठरत नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. तसंच तारखांचं. उत्तर मॅसेडोनियाला २००५ पासून उमेदवार देशाचा दर्जा आहे. ग्रीसचा आक्षेप मिटावा म्हणून त्यांनी २०१९ मध्ये देशाचं नाव बदललं. त्याच वर्षी फ्रान्स आडवा आला, पुढच्या वर्षी बल्गेरिया. अमुक साली हा देश युरोपीय संघात जाईल असं ठामपणे सांगणारा तज्ज्ञ दिसला की मी आता पुढचं वाचत नाही. ते दुसऱ्या देशांची सरकारं ठरवतात.

आणि ‘तज्ज्ञ विकले गेलेत’ म्हणणाऱ्यांसाठी ग्रीस. युरो चलनात असलेल्या या देशाची आकडेवारी वर्षानुवर्षं बेभरवशाची होती. २०१० मध्ये आंद्रेआस जॉर्जिऊ सांख्यिकी संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी २००९ ची तूट जीडीपीच्या १५ टक्क्यांवर असल्याचं जाहीर केलं आणि युरोपीय सांख्यिकी कार्यालयाने ती मान्य केली. बदल्यात काय मिळालं? देशाचं नुकसान केलं म्हणून खटले, वर्षानुवर्षं, आणि २०१७ मध्ये कर्तव्यभंगाबद्दल दोन वर्षांची स्थगित शिक्षा. खरा आकडा सांगितला म्हणून. दुसरीकडे त्याच ग्रीसवर लादलेल्या काटकसरीचा फटका आम्ही कमी लेखला, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला २०१३ मध्ये स्वतःच्या अहवालात लिहावं लागलं. तोवर लोकांच्या नोकऱ्या आणि पेन्शनवर कुऱ्हाड पडून गेली होती. त्यांचा राग मी कुठल्या तोंडाने चुकीचा म्हणू?

अण्णांनी पाठवलेला तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. बनवणाऱ्याचं नाव नाही, आकडा कुठून घेतला ते नाही. उद्या चुकला तर त्याला कुठे गाठायचं?

माझं २०१६ चं कात्रण फोटो काढून पहिल्या कमेंटमध्ये टाकलंय. जो परिच्छेद मी उडवला होता तो मराठीत करून खाली जोडलाय. अण्णा, तुम्हाला टॅग करतोय. लेस्टरला पण पाठवा.